कुंकू लावलेलं पाकीट

या, असे जवळ सरका. तिकडं भिंतीला टेकून बसलात तर ऐकू यायचं नाही, आणि ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही. बुवा यायला अवकाश आहे, पेटीवाला अजून सूर लावतोय. तेवढ्यात सांगून होईल. आमच्या काळेवाडीच्या मालोजीची गोष्ट आहे. कीर्तनात हमखास रडणाऱ्या माणसाचं रडू एकदा कसं आटलं, आणि पुढं ते कुठल्या भलत्याच ठिकाणी सापडलं, ते सांगतो.

मालोजी रडायचा म्हणजे खरंच रडायचा. बुवांनी दृष्टांताला हात घातला, आवाज जरा खाली आणला, की याच्या गालावरून पाणी. पुसायचा पण नाही. चाकणकडचे आमचे बुवा तर उभं राहिल्या राहिल्या विचारायचे, "मालोजी आला का? आला असेल तर सुरू करतो. मृदंगाविना चालेल एकवेळ, पण रडायला माणूस पाहिजे." सगळं देऊळ हसायचं, मालोजीही हसायचा, आणि अर्ध्या तासात रडायचा. मी त्याच्या उजव्या बाजूला टाळ घेऊन बसायचो, म्हणून मला ठाऊक.

दिवसा मी त्याच्याच शेडमध्ये कामाला. कंपन्यांसाठी जमीन गेली तेव्हा मिळालेल्या पैशातून मालोजीनं लग्नकार्यांत न उडवता दोन लेथ घेतले होते. एकावर मी, एकावर पिंपरीचा किसन. तिसरं ड्रिलिंग मशीन, त्यावर मालोजी स्वतः. मोठ्या कंपनीचे बुश आणि पिना करायचो. कंपनी लोखंड द्यायची, आम्ही कातून परत द्यायचो, मजुरी घ्यायचो. मधे दोन वर्षं कंपनीच्या स्टोअरात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा साहेब म्हणाले, मालोजीराव, तुम्हीच लोखंडाचे बार आणा बाजारातून, बिलात लावून टाका. मालोजीनं आणले, बिलात लावले. बिलावर मात्र नेहमीसारखंच लिहिलं, मजुरी.

तर सत्त्याहत्तर सालची खंडेनवमी. शेड धुऊन काढली, मशिनांना झेंडूच्या माळा घातल्या. पाटावर मायक्रोमीटर, व्हर्नियर, हातोडी, पाने आणि वर्षाच्या वह्या मांडल्या. पूजा दरवर्षी सोजरबाई करायची. सोजरबाई म्हणजे मालोजीची चुलती, एकटी राहायची. लहानपणी आई गेली तेव्हा मालोजी तिच्याच अंगाखांद्यावर वाढला. तिचं हळदीकुंकू मशीनला लागल्याशिवाय आम्ही दुसऱ्या दिवशी पट्टा चढवत नव्हतो.

आम्ही नारळ फोडायला निघालो आणि पोस्टमन आला. तपकिरी पाकीट, वर सरकारी शिक्का. मालोजीचे हात तेलाचे. सोजरबाईनं पाकीट घेतलं, कपाळाला लावलं आणि वह्यांवर ठेवून त्यालाही कुंकू लावलं. वर अक्षता टाकल्या. तिला वाटलं, शिक्क्याचा कागद, म्हणजे लक्ष्मीच. आम्हालाही तसंच काहीसं वाटलं असणार, कारण कुणीच बोललं नाही. दसऱ्याला सगळं लाल फडक्यात बांधून फळीवर गेलं. आमच्याकडं पूजेत बसलेलं दप्तर गुढीपाडव्याला मधुसूदन येईपर्यंत सोडत नाहीत. मधुसूदन कंपनीच्या ऑफिसात कारकून, रविवारी आमचं हिशेबाचं लिहायचा. त्या साली त्याचं निगडीला प्राधिकरणात घर बांधणं चाललं होतं, म्हणून तोही पाडव्याशिवाय फिरकणार नव्हता. महिन्याभरानं दुसरं पाकीट आलं, रजिस्टर. मालोजीनं सही केली आणि ते त्याच लाल फडक्याच्या घडीत सरकवलं. पहिल्याच्या शेजारी.

पुढं पौषात एका शनिवारी पगाराचे पैसे काढायला आम्ही दोघं सायकलींवर चिंचवडला बँकेत गेलो. मालोजीनं चेक दिला, पितळी टोकन घेतलं, बाकावर बसला. त्याच्या नंबराच्या आधीचे गेले, नंतरचेही गेले. मग शिपाई आला, "मालोजीराव, एजंटसाहेब बोलावतायत."

एजंट म्हणजे शाखेचे मोठे साहेब. प्रभाकरपंत म्हणून भले गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी मागवलं. पाणी मागवलं तेव्हाच मला कसंतरी झालं.

"मालोजीराव, तुमचं खातं सील झालंय."

"सील म्हंजी?"

"विक्रीकराच्या ऑफिसातून पत्र आलंय. दोन वर्षांचा कर थकलाय, वर दंड. खात्यात जे आहे ते त्यांच्याकडं वळवायचं. पुढं जे येईल तेही. तुम्हाला एक पैसा देता येत नाही मला."

मालोजी पाण्याच्या ग्लासाकडं बघत होता. "त्यात सप्त्याचं पैसं हायत," तो म्हणाला.

सांगायला हवं, सबंध गावठाणात बँकेत खातं असलेला मालोजी एकटा. म्हणून माघातल्या सप्ताहाची वर्गणी दोन सालांपासून त्याच्या खात्यात राहायची. अठ्ठावीसशे चाळीस रुपये. कुणाचे पन्नास, कुणाचे पाच, कुणी पायलीभर बाजरी विकून घातलेले.

प्रभाकरपंतांनी चष्मा काढला. "खातं तुमच्या नावावर आहे, मालोजीराव. पैसा देवाचा का तुमचा, हे खात्याला कळत नाही."

"बरं," मालोजी म्हणाला.

तेवढंच. भांडला नाही, विनवणी नाही. उठला, नमस्कार केला, सायकलीवर बसला. डांगे चौकाच्या अलीकडं थांबला आणि मूठ उघडून बघितली, तर टोकन हातातच. तळहातावर गोल वळ उठला होता. "हे द्यायचं राह्यलं," म्हणाला, आणि सायकल वळवून परत चिंचवडला गेला. मी तिथंच उभा राहिलो. अर्ध्या तासानं आला आणि म्हणाला, "दिलं." जणू कामच तेवढं होतं.

शेडवर येऊन लाल फडकं सोडलं. वाचून दाखवलं किसननं. पहिलं पाकीट म्हणत होतं, अमुक तारखेला वह्या घेऊन या. दुसरं म्हणत होतं, आला नाहीत, तेव्हा आम्हाला वाटला तसा कर बसवला आहे, तक्रार असेल तर साठ दिवसांत करा. साठ दिवस होऊन गेले होते. किसननं अक्षतांचा एक दाणा नखानं कागदावरून काढला.

"शेठ, राग मानू नका," तो म्हणाला. "आमच्या वस्तीत कागद आला की आधी वाचतात. वाचायला मिळावं म्हणूनच तर आमच्या बापजाद्यांनी एवढं सोसलं. हळदकुंकू मागाहून बघता आलं असतं."

"खरंय," मालोजी म्हणाला.

"पगाराचं नका मनावर घेऊ. माझं चालतंय महिनाभर."

"नको. पगार हुईल."

आणि झाला. मालोजीच्या बायकोनं, गोजाबाईनं, केला. तिच्या तीन म्हशी होत्या, दुधाचे रतीब होते. त्या शनिवारपासून पुढचे कैक शनिवार आम्हाला रतिबाच्या पैशातून पगार मिळाला. सगळी चिल्लर आणि मऊ पडलेल्या नोटा, त्यांना दुधाचा वास यायचा. गोजाबाई पगार हातावर ठेवताना म्हणायची, "मोजून घ्या भावजी, म्हशीला मोजता येत न्हाई."

निरोप धाडला, तसा रविवारी मधुसूदन धावत आला. सगळं वाचून डोकं धरून बसला. "लोखंड तुम्ही आणलंत, मालोजीराव. मग ती मजुरी कशी? ती विक्री झाली. त्याला कर असतो. मी विचारायला हवं होतं." मालोजीनं त्याला चहा पाजला आणि प्राधिकरणातल्या घराचा स्लॅब पडला का, ते विचारलं. मधुसूदनला रडू फुटायचं बाकी होतं. मालोजीचा चेहरा म्हणजे पुसलेली पाटी.

मला मात्र तो एवढंच म्हणाला, "धोंडीबा, सप्त्याचं कुणाला बोलू नको. बघतो कायतरी."

बघितलं काहीच नाही. कामावर यायचा, पिनांना भोकं पाडायचा. भोक पाडून झाल्यावरही मशीन चालू ठेवून बघत राहायचा. जेवायला बोलावलं तर यायचा, नाही बोलावलं तर नाही यायचा. एकादशीला कीर्तन होतं. बुवांनी आवाज खाली आणला, मी सवयीनं डावीकडं बघितलं. मालोजीचे डोळे कोरडे. समोर बघत होता, पण बुवांकडं नव्हे, समईच्या दांडीकडं. मी टाळ चुकलो त्या दिवशी.

सप्त्याला बारा दिवस उरले आणि देवळात बैठक बसली. दौलतराव म्हणजे आमच्यातला जुना कारभारी. देवाचा पैसा डब्यातच राहावा या मताचा, बँकेचं नाव काढलं की नाक मुरडणारा. त्यानंच सुरुवात केली.

"मालोजी, पैकं काढलं का? वाण्याला यादी द्यायची हाय."

मालोजी काही बोलेना. मी खाली मान घालून टाळांची दोरी सोडत होतो, बांधत होतो.

"आरं, इचारतोय काय तरी. का बँकेनं जीभ बी ठिवून घेतली?"

लोक हसले. मालोजी उठून उभा राहिला. वर्गात चूक झालेला पोरगा उभा राहतो तसा.

"खातं सील झालंय," तो म्हणाला. "माझा कर थकला व्हता. सरकारनं माझं घेतलं, त्यात आपलं बी गेलं. मला भरून द्यायचंय, पण आत्ता माझ्याकडं न्हाई."



"म्हंजी," दौलतराव सावकाश म्हणाला, "इठोबा बी जप्तीत? का आमाला दुसरंच कायतरी समजायचं? कर कुणाचा, पैकं कुणाचं! कागूद बिगूद आला आसंल का न्हाई आधी? का येकदम आभाळातनं सील पडलं?"

"आला व्हता."

"मग वाचला न्हाईस?"

मालोजीला सांगता आलं असतं. एका वाक्यात सांगता आलं असतं, कुणी पाकिटाला कुंकू लावलं ते. तो गप्पच राहिला, आणि लोकांच्या नजरा बदलायला लागल्या. माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात मागून बायकांतून आवाज आला.

"कवा आला व्हता रं कागूद?"

सोजरबाई. ती महिनाभर चाकणला लेकीकडं होती, आदल्या दिवशीच परतली होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

"ऱ्हाऊ दे काकी," मालोजी म्हणाला.

"कवा, म्हन्ते."

"खंडेनवमीला."

सोजरबाई खांबाला धरून उठली. गुडघ्यांनी अधू होती, तिला वेळ लागला.

"मग आईका समद्यांनी. त्यो कागूद ह्याच्या हाताला लागलाच न्हाई. म्या घेतला. म्याच कुकू लावलं, म्याच तांदूळ टाकलं, म्याच वहीवर ठिवला. पूजंतला कागूद कोन फोडतंय? तुमी फोडला आस्ता का, दौलतराव? तुमी तर लाइटीचा मीटर बी पूजता दिवाळीला."

आधी कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळं देऊळ हसलं. दौलतराव मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "मीटर पूजतो, पर बिल भरतो मी." आणि पुन्हा हशा. मालोजी तेवढा हसला नाही. पण बसला. इतका वेळ उभा होता, तो बसला.

"पैकं आनायला मीच जाते," सोजरबाई म्हणाली. "सायबाला सांगते, चूक माजी हाय."

आणि गेली, राव. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं पुण्याला विक्रीकराच्या ऑफिसात गेलो, सोजरबाई, मालोजी, मधुसूदन आणि मी. लाल फडक्यातलं दप्तर तिनं बसमध्ये मांडीवर धरलं होतं. कंडक्टर म्हणाला, "आजी, सामानाचं तिकीट?" तर म्हणाली, "सामान न्हाई बाबा, सरकारच हाय ह्यात."

साहेब मध्यम वयाचे होते, थकलेले. टेबलावर फायलींचा ढीग. मधुसूदन बोलायला लागला, त्याला थांबवून सोजरबाईनं पाकीट समोर ठेवलं. कुंकू वाळून काळपट पडलं होतं. साहेबांनी ते उचललं आणि त्यांच्या बोटाला लागलं.

"हे काय आहे?"

"कुकू. खंडेनवमीचं."

"न उघडता पूजेत ठेवलंत?"

"मग काय पायाखाली ठिवायचं? सरकारचं नाव हाय त्यावर."

साहेब हसले नाहीत. बोटाचं कुंकू कुठं पुसावं त्यांना कळेना. फायलीला पुसता येईना, रुमालाला पुसवेना. ते बोट बाजूला धरूनच त्यांनी पुढचं सगळं लिहिलं. म्हणाले, मुदत गेली ती गेली, मला परत आणता येत नाही. कर भरावाच लागेल. हप्ते बांधून देतो, सहा. दोन हप्ते फिटले की बँकेला पत्र देतो, खातं मोकळं करा म्हणून.

"आन देवाचं?" सोजरबाईनं विचारलं.

"आजी, खात्यातलं गेलं ते कराला धरलंय. ते वेगळं काढता येत नाही. खोटं सांगत नाही तुम्हाला."

तिनं पाकीट उचलून परत दप्तरात ठेवलं. "बरं," म्हणाली. अगदी मालोजीसारखंच म्हणाली. मग दप्तर बांधता बांधता, "ह्या खेपेला घरी पत्र धाडाल तवा पाकिटावर लिवा, आधी वाचा म्हनून."

परत येताना बसमध्ये मालोजी खिडकीशी बसला होता. मला वाटलं आता तरी काही बोलेल. दापोडीपाशी तो म्हणाला, "काकी, तुला उगा बोलावं लागलं देवळात."

"उगा कशाला? लावलं व्हतं म्हनून बोलले."

"मला काय वाटंनाच झालंय. कीर्तनात बी काय वाटत न्हाई. दगडावर पानी वतावं तसं."

"न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "रडलंच पायजे आसं कुठं हाय? जाऊन बसत जा. कान उघडं हायत न्हवं?"

सप्ताह झाला. वाण्याला द्यायची यादी फाडली. घराघरांतून भाकऱ्या आल्या, किसनच्या बायकोनं पिंपरीहून ठेचा पाठवला. दौलतरावनं गुळाची ढेप आणून टाकली आणि तीन वेळा सांगितलं की ती बँकेतली नव्हे, डब्यातली आहे. बुवांनी बिदागी घेतली नाही. पहिल्या दिवशी उभे राहिले तेव्हा त्यांनी मालोजीला शोधलं, पण ते नेहमीचं बोलले नाहीत. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. मालोजी सातही दिवस वेळेवर आला, माझ्या डावीकडं बसला, कोरड्या डोळ्यांनी ऐकत राहिला. बायकांत सोजरबाई बसायची. मधूनच ती आमच्याकडं बघायची आणि आपल्या कानाला बोट लावायची. झालं, एवढंच.

कंपनीचे चेक खात्यात जात राहिले आणि तिथून तसेच पुढं जात राहिले. आमचा पगार दुधाचा. गोजाबाईनं एक म्हैस विकली, तेव्हाही मालोजी फक्त म्हणाला, कुठली? चैत्रात बँकेला पत्र आलं, खातं मोकळं झालं. शिल्लक म्हणाल तर काहीच नव्हतं. आषाढापर्यंत मालोजीनं सप्त्याचे अठ्ठावीसशे चाळीस जमवले आणि देवळात दौलतरावच्या डब्यात टाकले, जुन्या यादीतलं एकेक नाव वाचून. सोजरबाईचे पाच रुपये. ती समोरच बसली होती. लोकांनी वाहवा केली. मालोजीच्या चेहऱ्यावर तरीही काही हललं नाही. आम्हाला त्याची सवय झाली होती. माणूस असाच आता, असं धरून चाललो होतो.

सोजरबाई भाद्रपदात गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. मालोजीनं सगळं नीट केलं, दहावा, तेरावा. कोरड्या डोळ्यांनी.

मग खंडेनवमी आली. घरात सुतक सरलं होतं, पण सण करायचा नव्हता. नुसती मशीन पुसायची आणि एक उदबत्ती लावायची असं ठरलं. हळदीकुंकवाचं ताट गोजाबाईनं आणून ठेवलं होतं, पण कुणी लावायचं ते कुणी बोलेना. मायक्रोमीटर, व्हर्नियर, वह्या मांडल्या. वह्यांच्या शेजारची जागा, जिथं ती पाय पसरून बसायची, ती मोकळीच राहिली. आम्ही तिला वळसा घालून चालत होतो.

आणि पोस्टमन आला.

तपकिरी पाकीट. मालोजीनं ते घेतलं. तेलाचे हात पँटला पुसले. मग उभ्या उभ्या, आमच्या सगळ्यांसमोर, ते फाडलं, कागद काढला आणि मोठ्यानं वाचायला लागला. वर नाव, ग्राहक क्रमांक, मागील रीडिंग, चालू रीडिंग. लाइटचं बिल होतं. छत्तीस रुपये काही पैसे. अंतिम तारखेपर्यंत आला आणि त्याचा आवाज खाली गेला, बुवांचा जातो तसा. त्यानं मोकळ्या जागेकडं बघितलं.

"काकी, वाचलं गं," तो म्हणाला.

आणि रडला. लेथला धरून रडला. गालावरून पाणी, आणि नेहमीसारखंच पुसलं नाही. किसननं हातातलं पुसायचं फडकं खाली ठेवलं. मग त्यानंच मालोजीच्या हातातलं ते बिल घेतलं, वह्यांवर ठेवलं, ताटातलं बोटभर कुंकू घेतलं आणि बिलाच्या कोपऱ्याला लावलं.

"आता लावलं तर चालतं," किसन म्हणाला.

त्या एकादशीला बुवांनी देवळात शिरता शिरताच माझ्याकडं बघून भुवई उंचावली, रडणारा माणूस परत आला का अशी. मी मान हलवली, हो म्हणून.

ते बघा, बुवा आलेच. आता माझं तोंड बंद. फक्त एक मागतो. गजर सुरू होईल, सगळे नाव घेतील, तेव्हा तुम्ही एक टाळी आमच्या सोजरबाईच्या नावानं वाजवा. तिच्या पोटचं कुणी उरलेलं नाही, लेक होती तीही गेली. पाच रुपयांची वर्गणी होती तिची, आणि चूक झाली ती तिनं भरल्या देवळात उठून स्वतःच्या नावावर घेतली. एवढं ध्यानात ठेवा, आणि उद्या घरी पाकीट आलं तर फोडताना तिला आठवा.